सेप्सिसचा संशय असलेले नवजात बाळ आणि रक्त गोठवणारी प्रथिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवजात बाळाला सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, असावा असा संशय आला की कल्चरबरोबर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) रक्त गोठण्याच्या चाचण्याही अनेकदा पाठवल्या जातात. काही तासांनी अहवाल हाती येतो, त्यातले निम्मे आकडे ठळक अक्षरांत किंवा खाली जाणाऱ्या बाणासह छापलेले असतात आणि काचेच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या आई-वडिलांचा उरलासुरला धीर सुटतो. त्यांच्यापैकी बऱ्याच आकड्यांमध्ये घाबरण्यासारखे काही नसते, काहींमध्ये मात्र असते, आणि हा फरक ओळखण्याची रीत समजावून सांगता येते. पुढील उत्तरे आई-वडिलांसाठी आहेत, तशीच नवजात विभागात नव्याने काम करू लागलेल्या परिचारिका आणि निवासी डॉक्टरांसाठीही आहेत.

रक्त गोठवणारी प्रथिने म्हणजे नेमके काय?

रक्तातील पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि त्यात ही प्रथिने विरघळलेली असतात. त्यांपैकी बहुतेक यकृतात तयार होतात. कामाच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात गुठळी बांधणारे फॅक्टर येतात. रक्तवाहिनीला इजा झाली की ते एकापाठोपाठ एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करते. दुसरा गट लगाम घालणाऱ्या प्रथिनांचा आहे. अँटीथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही त्यातली मुख्य नावे असून गुठळी गरजेपेक्षा मोठी होऊ नये आणि नको त्या जागी बनू नये, ही त्यांची जबाबदारी असते. तिसरा गट काम संपलेली गुठळी विरघळवतो, आणि त्याचा आधार प्लाझ्मिनोजेन हे प्रथिन आहे.

आई-वडिलांच्या कानावर पडणारे पीटी आणि एपीटीटी हे शब्द प्रथिनांची नावे नाहीत. प्रयोगशाळेत प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात, याची ती दोन वेगवेगळी मोजमापे आहेत. आयएनआर हा पीटीवरूनच काढलेला आकडा असतो.

निरोगी नवजात बाळातही हे आकडे कमी का असतात?

आईच्या रक्तातील गोठणाची प्रथिने वार ओलांडून बाळाकडे जात नाहीत. बाळाला ती स्वतःच्या यकृतात तयार करावी लागतात, आणि जन्माच्या वेळी ते यकृत अजून पक्व होत असते. त्यातही फॅक्टर दोन, सात, नऊ आणि दहा यांना कार्यक्षम होण्यासाठी व्हिटॅमिन के लागते, ज्याचा बाळाकडचा साठा जन्मतः अगदी तुटपुंजा असतो.

या विषयाचा पाया कॅनडातील हॅमिल्टन येथे मॉरीन अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. दिवस पूर्ण भरलेल्या निरोगी बाळांची मोजमापे त्यांनी १९८७ मध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मोजणीत, पूर्ण दिवसांच्या बाळामध्ये पहिल्या दिवशी व्हिटॅमिन केवर अवलंबून असलेले फॅक्टर प्रौढांच्या साधारण निम्म्या पातळीवर, अँटीथ्रॉम्बिन सुमारे ६३ टक्के, तर प्रोटीन सी आणि प्रोटीन एस सुमारे ३५ टक्क्यांच्या आसपास आढळले. गर्भाच्या तीस ते छत्तीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळांत अँटीथ्रॉम्बिन सुमारे ३८ आणि प्रोटीन सी सुमारे २८ टक्के होते. ही सगळी बाळे निरोगी होती, हे येथे आवर्जून लक्षात घ्यावे.

सगळीच प्रथिने कमी असतात असेही नाही. फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर जन्मतःच प्रौढांइतके किंवा त्याहून अधिक असतात. त्यामुळे बाळाच्या अहवालाशेजारी प्रौढांची सामान्य मर्यादा छापणे ही केवळ छपाईची सोय असली, तरी तिच्यापायी दरवर्षी कितीतरी कुटुंबांची झोप उडते. बाळ किती आठवड्यांचे आणि किती दिवसांचे आहे, हे अहवालावर लिहिलेले नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ अर्धाच राहतो.

आकडे इतके कमी असताना निरोगी बाळाला रक्तस्राव का होत नाही?

गुठळी बांधणारी प्रथिने कमी असतात तशीच तिला लगाम घालणारीही कमी असतात, म्हणून तराजूची दोन्ही पारडी खाली असली तरी काटा मध्येच राहतो. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर भरपूर असल्यामुळे आणि तांबड्या पेशींचे प्रमाणही जास्त असल्यामुळे प्लेटलेट रक्तवाहिनीच्या जखमेला चांगल्या चिकटतात. संपूर्ण रक्ताची गुठळी कशी बनते हे दाखवणाऱ्या थ्रॉम्बोएलास्टोग्राफी या चाचणीत निरोगी नवजात बाळाचे रक्त व्यवस्थित, कधी कधी तर प्रौढांपेक्षा लवकर गोठताना दिसते. मात्र या तोलाच्या मागे राखीव साठा फार थोडा असतो. प्रौढ माणूस एखाद्या प्रथिनाची मोठी घट सोसू शकतो. नवजात बाळाला, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, तेवढी मुभा नसते. सेप्सिसमध्ये या आकड्यांकडे इतके बारकाईने पाहावे लागते, ते याच कारणामुळे.

सेप्सिसमध्ये या प्रथिनांचे काय होते?

जंतू किंवा त्यांचे विषारी घटक रक्तात आले की बाळाच्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन ६ आणि टीएनएफ यांसारखे दाहकारक पदार्थ सोडतात. त्यांच्या प्रभावाखाली एरवी रक्तप्रवाहात न दिसणारा टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण्याची क्रिया सुरू करणारे प्रथिन, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर उगवतो आणि कोठेही जखम नसताना थ्रॉम्बिन तयार होऊ लागते. त्याच वेळी रक्तवाहिनीचे अस्तर दुखावते. प्रोटीन सीला जागे करणारे रेणू याच अस्तरावर असल्याने लगामही सैल पडतो. गुठळ्या विरघळवण्याची क्रिया पीएआय-१ नावाचे प्रथिन वाढल्यामुळे मंदावते. परिणामी सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये बारीक बारीक गुठळ्या साचतात आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, त्वचा यांच्यापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही.

या गुठळ्या बांधण्यात प्रथिने आणि प्लेटलेट खर्ची पडतात. यकृत तयार करू शकते त्याहून वेगाने ती संपू लागली, तर एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे रक्तस्राव, अशी परस्परविरोधी वाटणारी अवस्था येते. तिला डीआयसी म्हणतात. सुई टोचलेल्या जागेतून रक्त पाझरत राहणे, श्वासनलिकेतून किंवा जठरातल्या नळीतून रक्ताळलेला स्राव येणे आणि त्वचेवर जांभळे डाग उमटणे ही तिची अंथरुणाशेजारी दिसणारी चिन्हे आहेत.

हे सगळे प्रत्येक बाळात शेवटच्या टोकाला जात नाही. संशय असलेल्या बाळांपैकी अनेकांना प्रत्यक्षात सेप्सिस नसतोच, आणि ज्यांना असतो त्यांच्यापैकीही बरेच जण प्रतिजैविके वेळेवर सुरू झाल्यास या टप्प्यापर्यंत पोहोचत नाहीत.

फायब्रिनोजेन सामान्य आले आहे. मग निर्धास्त राहावे का?

एकट्या सामान्य फायब्रिनोजेनवर विसंबून राहू नये, आणि याचे कारण थोडे उलगडून सांगायला हवे. शरीरात दाह सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेनचे उत्पादन वाढवते. त्यामुळे सेप्सिसच्या सुरुवातीला हा आकडा वाढायला हवा. अशा वेळी तो सामान्य दिसला तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात: दाह फारसा नाही, किंवा दाह आहे परंतु जेवढे तयार होते आहे तेवढेच खर्चही होते आहे. एका अहवालावरून हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत.

उदाहरणच द्यायचे, तर समजा एखाद्या बाळाचे फायब्रिनोजेन सकाळी ४१० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर होते आणि रात्री ते १९० झाले. दुसरा आकडा सुटा पाहिला तर नवजात बाळाच्या दृष्टीने तो फारसा वावगा वाटणार नाही. अहवालावर बाणही कदाचित येणार नाही. परंतु बारा तासांत तो निम्म्याहून खाली आला आहे, हे ज्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले त्यालाच कळेल. म्हणून या चाचण्यांचे आकडे वेळेसह एकाच तक्त्यात, एकाखाली एक लिहिण्याची सवय अत्यंत मोलाची आहे. पीटी आणि एपीटीटीलाही हाच नियम लागू पडतो.

प्रोटीन सी आणि अँटीथ्रॉम्बिन यांची पातळी कशासाठी मोजतात?

सेप्सिसमध्ये ही दोन्ही प्रथिने लवकर घसरतात. ती खर्ची पडतात, यकृतात कमी तयार होतात, आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर झिरपू लागल्यामुळे काही प्रमाणात ऊतींमध्ये निसटूनही जातात. प्रोटीन सी शरीरात जेमतेम सहा ते आठ तास टिकत असल्याने त्याची घट विशेष झपाट्याने दिसते. आजाराची तीव्रता जितकी अधिक तितकी ही पातळी खोल जाते, असे नवजात बाळांवरील अनेक अभ्यासांत दिसले आहे.

अडचण अशी की सुरुवातीची पातळीच कमी असते. २६ टक्के प्रोटीन सी प्रौढ रुग्णात धोक्याची घंटा ठरेल. एकतीस आठवड्यांच्या, अन्यथा ठणठणीत बाळात तो अपेक्षित आकडा आहे. म्हणून या चाचण्या सर्वत्र नेहमीच्या म्हणून केल्या जात नाहीत. रक्तस्राव किंवा गुठळीची स्पष्ट चिन्हे असतील, त्वचेवर वेगाने पसरणारे काळे-जांभळे चट्टे दिसत असतील किंवा कुटुंबात अशा आजाराचा इतिहास असेल, तेव्हा त्या करणे सार्थ ठरते.

या चाचण्यांवरून सेप्सिस आहे की नाही, हे ठरवता येते का?

नाही. सेप्सिसचे निदान रक्ताच्या कल्चरवर आणि बाळाच्या स्थितीवर ठरते. कल्चरसाठी शक्यतो किमान १ मिलिलीटर रक्त घ्यावे लागते आणि वाढ होत असेल तर बहुधा ३६ ते ४८ तासांत ती दिसते. सीआरपी ही दाहाची चाचणी संसर्गानंतर काही तासांनी वाढू लागते, म्हणून पहिल्याच तपासणीत ती सामान्य असल्याने संशय फिटत नाही.

गोठणाच्या चाचण्या बिघडण्याची दुसरी कारणेही नवजात बाळात पुष्कळ असतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, गर्भात वाढ खुंटणे, आईला गरोदरपणात उच्च रक्तदाबाचा विकार असणे, बाळाचे अंग थंड पडणे, यकृताचे आजार या सगळ्यांत आकडे खाली येतात, आणि यांपैकी बरीच बाळे सेप्सिसच्या संशयाखालीही असतात. म्हणून लांबलेला एपीटीटी पाहून सेप्सिसचा शिक्का मारणे जितके चूक, तितकेच तो सामान्य आहे म्हणून प्रतिजैविके थांबवणेही चूक आहे. संसर्ग आहे हे गृहीत धरून उपचार सुरू झाल्यावर तो कोणत्या वळणावर चालला आहे, हे मात्र या चाचण्या चांगले सांगतात. माझ्या मते त्यांचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

व्हिटॅमिन केची कमतरता, यकृताचा आजार आणि डीआयसी यांतील फरक कसा ओळखतात?

येथे फॅक्टर पाच आणि फॅक्टर आठ हे दोन साक्षीदार फार उपयोगी पडतात. फॅक्टर पाच यकृतात तयार होतो, पण त्याला व्हिटॅमिन के लागत नाही. फॅक्टर आठ मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतो, त्यामुळे यकृत थकले तरी तो टिकून राहतो किंवा वाढतोही.

व्हिटॅमिन के कमी असेल तर पीटी बराच लांबतो, फॅक्टर सात घसरतो, पण फॅक्टर पाच, फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट वयाला साजेसे राहतात. यकृत निकामी होत असेल तर सात आणि पाच दोन्ही घसरतात, आठ मात्र शाबूत असतो. डीआयसीमध्ये पाच, आठ, फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट असे सगळेच खाली येऊ लागतात. प्रत्यक्ष रुग्णात चित्र इतके स्वच्छ नसते, कारण सेप्सिसने आजारी बाळाचे यकृतही दमलेले असते, दूध बंद असते आणि प्रतिजैविकांमुळे आतड्यातील व्हिटॅमिन के तयार करणारे जीवाणूही घटतात.

म्हणूनच जन्मानंतर व्हिटॅमिन केचे इंजेक्शन मिळाले का, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा. पूर्ण दिवसांच्या बाळाला साधारणपणे १ मिलिग्रॅम स्नायूत देतात. फार कमी वजनाच्या बाळांसाठी मात्रा कमी असते. दुसऱ्या ठिकाणाहून हलवलेल्या बाळाच्या कागदांत त्याची नोंद सापडली नाही, तर ते दिले गेले असेल असे मनाशी धरून चालू नये.

डी-डायमर वाढलेले आहे. याचा अर्थ काय?

फायब्रिनची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. प्रसूतीच्या प्रक्रियेमुळे निरोगी नवजात बाळातही पहिल्या काही दिवसांत ते वाढलेले असते. त्यामुळे एकट्या वाढलेल्या डी-डायमरवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

डीआयसी ठरवण्यासाठी गुणांची पद्धत आहे, असे ऐकले आहे. ती बाळांना लागू पडते का?

आंतरराष्ट्रीय संस्था आयएसटीएच हिने २००१ मध्ये अशी पद्धत मांडली. तीत प्लेटलेट, पीटी, फायब्रिनोजेन आणि फायब्रिनच्या तुकड्यांची पातळी यांना गुण देतात, आणि बेरीज ५ किंवा अधिक झाली की उघड डीआयसी मानतात. ही पद्धत प्रौढांच्या आकड्यांवर बेतलेली आहे. नवजात बाळाचा पीटी मुळातच थोडा लांब आणि डी-डायमर मुळातच वाढलेले असल्याने निरोगी बाळालाही काही गुण फुकट मिळतात. जपानमध्ये नवजात बाळांसाठी वेगळे निकष केलेले आहेत. बहुतेक विभागांत मात्र गुणांच्या बेरजेपेक्षा सलग दोन-तीन तपासण्यांत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन कोणत्या दिशेने चालले आहेत, याला अधिक वजन दिले जाते, आणि ते योग्यच आहे.

अहवाल चुकीचा येऊ शकतो का? नमुना पुन्हा का मागतात?

येऊ शकतो, आणि नवजात बाळांत तो मोठ्यांच्या मानाने बराच अधिक वेळा येतो. या चाचणीसाठी निळ्या झाकणाची नळी वापरतात. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेटचे द्रावण असते आणि रक्त व द्रावण यांचे प्रमाण ९ ला १ असेच असावे लागते. १ मिलिलीटरच्या लहान नळीत द्रावण ०.१ आणि रक्त ०.९ मिलिलीटर. आता बाळाची शीर बारीक, रक्त थेंबाथेंबाने येते आणि नळीवरची रेघ गाठण्याआधीच ते थांबते. रक्त कमी आणि द्रावण तेवढेच, असे झाले की चाचणीचे सेकंद आपोआप लांबतात. बाळाच्या रक्तात त्या क्षणी काहीही बिघडलेले नसते.

रेघेपर्यंत भरलेली नळीही फसवू शकते. बाळाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण ६५ टक्के असेल तर ०.९ मिलिलीटर रक्तात प्लाझ्मा जेमतेम ०.३ मिलिलीटर असतो, आणि त्याच्या मानाने सायट्रेट जास्त होते. हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर असेल तर द्रावण हिशोबाने कमी करावे लागते, म्हणून नमुन्याबरोबर बाळाचे हिमॅटोक्रिट, म्हणजे तांबड्या पेशींचे हे प्रमाणही कळवावे.

त्याहून घातक असते ती अर्धवट गोठलेली नळी. थेंब गोळा होण्यास दोन-तीन मिनिटे लागली किंवा नळी हलकेच उलटसुलट करायची राहिली, तर तळाशी मोहरीएवढी गाठ बनते. बाहेरून रक्त पातळच दिसते. त्या गाठीत फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट अडकलेले असतात, आणि उरलेल्या रक्ताचा अहवाल हुबेहूब डीआयसीसारखा येतो. प्रयोगशाळेत लाकडी काडी फिरवून अशी गाठ शोधतात आणि सापडली की नमुना नाकारतात. परिचारिकेला पुन्हा रक्त काढण्याचा फोन येतो तेव्हा त्रास होतो, बाळाला पुन्हा टोचावे लागते, आई कळवळते. तरीही खोट्या अहवालावर प्लाझ्मा चढवण्यापेक्षा ती एक टोचणी परवडते.

तिसरे कारण हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध. नाळेतील किंवा धमनीतील नळी मोकळी राहावी म्हणून तिच्यात हेपरिन सोडलेले असते, आणि त्याच नळीतून पुरेसे रक्त आधी बाजूला न काढता नमुना घेतला तर एपीटीटी यंत्राच्या मर्यादेपलीकडे जातो. पीटी जवळपास ठीक, फायब्रिनोजेन ठीक, प्लेटलेट ठीक आणि एकटा एपीटीटी आभाळाला भिडलेला, असे दिसले की आधी नमुना कोठून घेतला ते विचारावे. टाच दाबून काढलेले रक्तही या चाचणीसाठी योग्य नाही, कारण दाबताना ऊतींचा रस त्यात मिसळतो आणि गोठण्याची क्रिया नळीत जाण्यापूर्वीच सुरू होते.

इतके रक्त वारंवार काढल्याने बाळाला अपाय होत नाही का?

काळजी रास्त आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात सगळे मिळून सुमारे ८० ते १०० मिलिलीटर रक्त असते, म्हणजे १ मिलिलीटर म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. म्हणूनच लहान नळ्या वापरणे, एकाच टोचणीत सर्व नमुने घेणे आणि ज्या चाचणीच्या निकालाने उपचारात काही बदल होणार नाही ती न पाठवणे, ही चांगल्या विभागाची ओळख आहे. आई-वडिलांनी “या तपासणीने उपचारात काय बदलेल?” असे विचारले तर त्यात आगाऊपणा काहीच नाही.

आकडे कमी आले म्हणजे प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवावेच लागतात का?

केवळ आकडा सुधारण्यासाठी चढवू नयेत. मूळ उपचार संसर्गाचा आहे: योग्य प्रतिजैविक, श्वास आणि रक्तदाबाला आधार, शरीराचे तापमान आणि साखर सांभाळणे. संसर्ग आटोक्यात आला की प्रथिनांचा खर्च थांबतो आणि आकडे आपोआप सावरू लागतात.

प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल, किंवा शस्त्रक्रियेसारखी प्रक्रिया समोर असेल आणि चाचण्याही वयाच्या मानाने स्पष्ट बिघडलेल्या असतील, तेव्हा ताजा गोठवलेला प्लाझ्मा साधारण १० ते १५ मिलिलीटर प्रतिकिलो या प्रमाणात देतात. फायब्रिनोजेन १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली जाऊन रक्तस्राव होत असेल तर प्लाझ्मापासून काढलेला क्रायोप्रेसिपिटेट हा घटक अधिक उपयोगी, कारण थोड्या आकारमानात जास्त फायब्रिनोजेन मिळते.

रक्तस्राव नसताना खबरदारी म्हणून प्लाझ्मा द्यावा का, याची मोठी चाचणी इंग्लंडच्या उत्तर भागात झाली आणि तिचे दोन वर्षांपर्यंतचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या ७७६ बाळांपैकी ज्यांना जन्मानंतर लगेच प्लाझ्मा दिला, त्यांच्यात मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. प्लेटलेटच्या बाबतीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली प्लॅनेट-२ ही चाचणी डोळे उघडणारी ठरली. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या ६६० बाळांत, प्लेटलेट ५०,००० च्या खाली जाताच चढवलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला, तर २५,००० पर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के. जास्त देणे म्हणजे जास्त काळजी घेणे, ही आपली सहज समजूत येथे खोटी ठरली. “आमच्या बाळाला काहीच का देत नाही?” असे विचारणाऱ्या आई-वडिलांना हे शांतपणे, बसून सांगायला हवे, उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही.

प्रोटीन सी कमी होते, तर तेच औषध म्हणून का देत नाहीत?

हा प्रयत्न झालेला आहे. सक्रिय प्रोटीन सी हे औषध प्रौढांच्या तीव्र सेप्सिससाठी काही वर्षे वापरात होते. लहान मुलांवरील त्याची मोठी चाचणी २००५ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण फायदा दिसत नव्हता आणि मेंदूतील रक्तस्राव, विशेषतः ६० दिवसांहून लहान बाळांत, अधिक आढळत होता. पुढे प्रौढांतही लाभ सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये ते औषध बाजारातून मागे घेतले गेले. साध्या, सक्रिय न केलेल्या प्रोटीन सीचे सांद्र औषध वेगळे असून ते जन्मजात तीव्र कमतरतेसाठी वापरले जाते.

सेप्सिसमध्ये मोठ्या रक्तवाहिनीतही गुठळी होऊ शकते का?

होऊ शकते, आणि नवजात बाळात ती बहुधा आत घातलेल्या नळीच्या भोवती होते. पाय किंवा बोटे पांढरट अथवा निळसर पडणे, हातापायाला एकीकडेच सूज येणे, लघवीतून रक्त जाणे या खुणा दिसताच कळवावे. उपचारासाठी हेपरिन वापरायचे ठरले, तर ते अँटीथ्रॉम्बिनच्या मदतीनेच काम करत असल्याने नवजात बाळाला वजनाच्या मानाने मोठ्या मात्रेची गरज पडू शकते. हा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

आई-वडिलांनी कोणत्या खुणांकडे लक्ष ठेवावे?

बाळ मलूल पडणे, दूध ओढण्याचे सोडणे, श्वास जोरात चालणे किंवा मध्येच थांबणे, अंग तापणे किंवा गार पडणे, पोट फुगणे आणि झटके येणे या सेप्सिसच्या खुणा आहेत. त्वचेवर बोटाने दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके, नाळेतून किंवा टोचलेल्या जागेतून न थांबणारे रक्त, काळी शी, रक्ताळलेली उलटी आणि टाळू फुगणे या रक्त गोठण्याच्या बिघाडाकडे बोट दाखवतात. बाळ घरी असेल आणि यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

बाळ बरे होऊन घरी गेल्यावर या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात का?

सर्वसाधारणपणे लागत नाहीत. सेप्सिस बरा झाला, प्लेटलेट स्थिरावल्या आणि पीटी व एपीटीटी वयाला साजेसे झाले की हा विषय संपतो. बहुतेक फॅक्टर सहा महिन्यांपर्यंत प्रौढांच्या पातळीजवळ येतात.

अपवाद जन्मजात कमतरतेच्या संशयाचा. ज्या बाळाला काळे-जांभळे चट्टे आले होते, ज्याचे प्रोटीन सी मोजता न येण्याइतके कमी होते किंवा ज्याची पातळी संसर्ग ओसरल्यावरही सावरलेली दिसत नाही, त्याची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करतात. आजारपणातल्या आकड्यावरून जन्मजात कमतरतेचे निदान करता येत नाही, म्हणून तोवर आई आणि वडील दोघांची पातळी मोजणे हा जवळचा मार्ग असतो: दोघांचीही साधारण निम्मी भरली तर बाळाकडे दोन्ही बाजूंनी दोष आल्याची शक्यता बळावते, आणि मग जनुकीय तपासणी करतात. प्रोटीन सी सावकाश वाढणारे प्रथिन आहे. निरोगी मुलातही ते प्रौढांच्या पातळीला पोहोचायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाचा आकडाही त्याच वयाच्या मुलांच्या तक्त्याशीच ताडून पाहावा.